दहावीची उजळणी : पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून खान्देशातल्या माध्यमिक शाळा पुन्हा भरल्या आहेत. बहुतेक शाळांच्या दहावीच्या वर्गांत सध्या एकच घाई दिसते : डिसेंबरअखेर पोर्शन संपवायचा, जानेवारीत सराव परीक्षा घ्यायची आणि उरलेल्या दिवसांत रिव्हिजन करून घ्यायची. पूर्वी दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये सुरू होत असे, तेव्हा हा क्रम कसाबसा निभावून जायचा. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. सराव परीक्षा, प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे दिवस वजा केले, तर उजळणीच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत वर्षभराचे सहा विषय पुन्हा डोळ्यांखालून घालायचे म्हणजे मुलांनी दिवसरात्र पाने उलटायची, एवढाच त्याचा अर्थ होतो. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण माध्यमिक शाळेत विज्ञान व गणित शिकवतो. गेली अनेक वर्षे हा क्रम जवळून पाहत आलो असल्याने मुख्याध्यापक, सहकारी शिक्षक आणि पालक यांच्यापुढे एक मागणी आपल्या पत्रातून ठेवू इच्छितो. उजळणी आत्तापासून, शिकवणे चालू असतानाच, रोजच्या तासिकेत बसवावी आणि तिचा मुख्य भाग पुस्तक मिटून, आठवून लिहिण्याचा असावा.

दहावीच्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला विचारा की तुम्ही उजळणी कशी करता, तर उत्तर ठरलेले असते : ‘सर, धडा दोनदा वाचून झाला.’ जी मुले अधिक मन लावून अभ्यास करतात, ती महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतात किंवा त्या रंगीत पेनने रंगवतात. कित्येकदा संपूर्ण पानच पिवळे झालेले असते. काही जण गाइडमधली उत्तरे दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. या मुलांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण थंडीत पहाटे उठून अंगावर गोधडी घेऊन बसलेले पोर आळशी नसते. त्याला अभ्यास कसा करायचा हे कोणी दाखवलेलेच नसते, कारण वर्गात आपण विषय शिकवतो आणि अभ्यासाची रीत मुलांना आपोआप उमजेल असे गृहीत धरतो. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, वाचनाचा वेग वाढतो आणि मुलाला मनापासून वाटते की आपल्याला हे येते. परंतु छापलेले उत्तर ओळखणे आणि समोर काही नसताना तेच उत्तर मनातून काढून कागदावर मांडणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. परीक्षेत दुसरे काम करावे लागते, आणि सराव मात्र पहिल्याचाच झालेला असतो. ‘घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही’ हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले आहे. ते सांगणारी मुले खोटे बोलत नसतात. घरी त्यांना ते उत्तर ओळखीचे वाटत होते, आठवून पाहण्याची वेळ मात्र पेपरापर्यंत एकदाही आलेली नव्हती.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. विज्ञान भाग १ मधल्या ‘उष्णता’ या प्रकरणात पाण्याचे असंगत आचरण (० ते ४ अंशांपर्यंत तापवताना पाणी प्रसरण न पावता आकुंचन पावते ते) आणि ते दाखवणारे होपचे उपकरण आहे. वर्गातल्या एका चांगल्या, नियमित विद्यार्थिनीने हे प्रकरण ‘झाले आहे’ असे सांगितले, तेव्हा मी तिला पुस्तक मिटून दहा मिनिटांत एका कोऱ्या पानावर आठवेल तेवढे लिहायला आणि आकृती काढायला सांगितले. तिने नळकांड्याची आकृती नीट काढली, पण बर्फ आणि मिठाचे गोठण मिश्रण मधल्या भांड्याऐवजी तळाशी दाखवले. दोन तापमापी आठवल्या, परंतु आधी कोणत्या तापमापीतले तापमान उतरते ती जागा तिने कोरीच ठेवली. ‘पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते’ हे वाक्य शब्दशः बरोबर होते. मात्र त्याच्या पुढच्याच ओळीत ० पासून ४ अंशांपर्यंत तापवल्यास पाणी प्रसरण पावते, असे उलट लिहिलेले होते. नंतर तिने पुस्तक उघडले, आपले पान शेजारी ठेवले आणि हिरव्या शाईने स्वतःच दुरुस्त्या केल्या. मिश्रण मधोमध असल्याने तिथले पाणी गार होते, जड होऊन खाली जाते, म्हणून खालची तापमापी आधी ४ अंशांपर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्याने वर चढते, म्हणून त्यानंतर वरची तापमापी ० पर्यंत येते. ही साखळी तिने यापूर्वी वाचलेली होती, पण त्या दिवशी ती प्रथमच तिला स्वतःला जोडावी लागली. पुढच्या आठवड्यात न सांगता पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा आकृती बरोबर आली आणि कारणही आले. या सगळ्याला खर्च काय झाला? एक पाठकोरा कागद आणि पंधरा-वीस मिनिटे.

दुरुस्त्या करताना याच मुलीला मी ते कारण आधी घरच्या बोलीत सांगून पाहायला सांगितले होते. ‘पानी चार अंशना खाले गये का फुगस’ असे ती अहिराणीत सहज म्हणाली आणि मग प्रमाण मराठीत लिहायला बसली. आमच्याकडच्या कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलली जाते. त्यांना पुस्तकी वाक्य पाठ करायला लावण्याआधी अर्थ स्वतःच्या बोलीत मांडू दिला, तर समजलेले आणि न समजलेले लगेच वेगळे होते. पाठ केलेल्या वाक्याआड न समजणे सहज लपून राहते, बोलीत सांगताना ते लपवता येत नाही. उत्तरपत्रिकेत अर्थातच पारिभाषिक शब्द लागतात आणि ते अचूक यायला हवेत. म्हणून बोलीत सांगणे ही पहिली पायरी आणि पुस्तकाच्या भाषेत लिहिणे ही दुसरी. दुसरी पायरी गाळावी असे मी सुचवत नाही.

हा केवळ माझा अनुभव असता तर मी पत्र लिहिले नसते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षणक्षेत्रात आता सर्वज्ञात आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे दिले. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पाच मिनिटांनंतरचा निकाल. वाचून लगेच तपासले तर वाचनच बरे वाटते, आणि मुले फसतात ती नेमकी इथे. रात्री वाचून सकाळी घटक चाचणी दिली की गुण मिळतात, म्हणून पद्धत बरोबर आहे असे मुलांनाही वाटते आणि आम्हा शिक्षकांनाही. त्याच घटकावर फेब्रुवारीत प्रश्न आला की पान कोरे राहते. पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने वाटून करणे या दोनच रीती त्यांनी सर्वाधिक उपयोगी ठरवल्या. पुन्हा वाचणे, ओळी रंगवणे आणि सारांश लिहिणे या रीती कमी उपयोगाच्या गटात गेल्या. आमच्या मुलांचा बहुतेक वेळ या दुसऱ्या गटातल्या रीतींवरच खर्च होतो.

अंतराची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठरावीक वेळाने ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. श्रमांची ही बचत एका तासानंतर निम्म्याहून कमी आणि एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांशच उरली होती. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांइतक्या वेगाने विसरला जात नाही हे खरे, परंतु सुरुवातीच्या दिवसांत झपाट्याने आणि पुढे सावकाश विसरायला होते, हा क्रम तसाच राहतो. विसरायला लागल्यावर, पण पूर्ण विसरण्याआधी, पुन्हा आठवायला लावले की ते अधिक काळ टिकते. म्हणून एकाच प्रकरणावर सलग तीन तास बसण्यापेक्षा तेच तीन तास आज, तीन-चार दिवसांनी, पंधरवड्याने आणि महिन्याने असे वाटून दिले, तर फळ कितीतरी अधिक मिळते. याच कारणासाठी जानेवारीअखेरची वाट पाहू नये असे मी म्हणतो. तेव्हा सुरुवात केली तर अंतर ठेवायला दिवसच उरत नाहीत. आज नोव्हेंबरमध्ये जून-जुलैतल्या प्रकरणांवर पहिला हात फिरवला, तर परीक्षेपूर्वी प्रत्येक प्रकरणाच्या तीन-चार उजळण्या सहज होतात.

गणिताबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण तिथे आपली नेहमीची रीत अधिकच अंगलट येते. आपण एका सरावसंचातली वीस उदाहरणे एका दमात सोडवून घेतो. ‘वर्गसमीकरणे’ या मथळ्याखाली आलेले प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचेच असणार हे मुलाला आधीच ठाऊक असते, म्हणून पद्धत निवडण्याचे काम त्याला करावेच लागत नाही. बीजगणिताच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत मात्र उदाहरणावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. ‘दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे’ हे वाचून वर्गसमीकरण सुचले पाहिजे, दोन अंकी संख्येच्या अंकांची अदलाबदल दिसली की दोन चलांतील रेषीय समीकरणे, आणि दरमहा ठरावीक रकमेने वाढणारी बचत दिसली की अंकगणिती श्रेढी. हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न आहे आणि त्याचा सराव एका प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवून होत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे सोडवली, एका गटाने प्रकारवार आणि दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी झाली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. हे आकडे मी माझ्या वर्गातही सांगतो, कारण मिसळलेल्या सरावात सुरुवातीला खूप चुकते आणि मुले खट्टू होतात. हे चुकणे सरावाचाच भाग आहे हे त्यांना आधी कळलेले असले, म्हणजे ती टिकून राहतात. भूमितीतही प्रमेयाची सिद्धता तोंडपाठ म्हणवून घेण्यापेक्षा समरूपता, पायथागोरसचे प्रमेय आणि वर्तुळ या तिन्हींतला एकेक प्रश्न एका बैठकीत द्यावा आणि आधी फक्त ‘हे कशाने सुटेल आणि का’ एवढे एका ओळीत लिहायला सांगावे. ज्या दिवशी वेळ कमी असेल त्या दिवशी तेवढे लिहून घेतले तरी चालते.

आता सराव परीक्षेविषयी. आमच्याकडे ती बोर्डाच्या धर्तीवर, बैठक क्रमांक घालून, वेळेचे काटेकोर भान ठेवून घेतली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिकांचे काय होते? गठ्ठे तपासले जातात, गुण पालक सभेत वाचून दाखवले जातात आणि उत्तरपत्रिका कपाटात जातात. कित्येक शाळांत मुलांच्या हाती त्या पडतात तेव्हा तासिकेची दहा मिनिटे उरलेली असतात, आणि ती गुणांची बेरीज बरोबर आहे का हे पाहण्यात संपतात. विद्यार्थ्याने आपल्याच उत्तराशेजारी बसून कुठे गुण गेले, ते माहिती नसल्याने गेले की प्रश्न नीट न वाचल्याने, की वेळ न पुरल्याने, हे पाहिले तर त्या उत्तरपत्रिकेइतके उपयोगी पुस्तक त्याच्यासाठी दुसरे नाही. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक घटक चाचणीनंतर आणि सराव परीक्षेनंतर त्या विषयाची एक पूर्ण तासिका केवळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावी. मुलांनी चुकलेले प्रत्येक उत्तर वेगळ्या शाईने पुन्हा लिहावे आणि तोच प्रश्न पंधरवड्याने पुन्हा विचारला जावा. तपासताना शिक्षकाने प्रत्येक पानावर शेरे लिहिण्याची गरज नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ते शक्यही नसते. वर्गातल्या अनेकांनी केलेल्या तीन-चार चुका फळ्यावर घेतल्या तरी काम होते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात नुसते विधान उलटे करून लिहिणे, भिंगाच्या उदाहरणात नाभीय अंतराचे मीटरमध्ये रूपांतर न करताच शक्ती काढणे, भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना विचारलेली असताना एकाच देशाविषयी लिहून थांबणे, या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत आणि त्या दाखवून दिल्याशिवाय मुलांच्या लक्षात येत नाहीत.

यावर माझे सहकारी म्हणतील की वेळ कुठे आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि शिक्षकांवर येऊन पडणारी अशैक्षणिक कामे, मतदार याद्यांपासून निरनिराळ्या ऑनलाइन माहित्या भरण्यापर्यंत, मला स्वतःला ठाऊक आहेत. तरीही मी असे सुचवतो की प्रत्येक तासिकेची पहिली सात-आठ मिनिटे मागच्या कामाला द्यावीत. शिक्षकाने वर्गात येताच फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : एक कालच्या तासाचा, एक पंधरा दिवसांपूर्वीचा आणि एक पहिल्या सत्रातला. मुलांनी वही-पुस्तक न उघडता उत्तरे लिहावीत, मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावीत. याला गुण देऊ नयेत आणि कोणाचे उत्तर चुकले हे मोठ्याने विचारू नये. गुण आले की मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, आणि मग आठवण्याचा व्यायामच होत नाही. हजेरी, फळा पुसणे आणि ‘काल कुठपर्यंत झालं होतं’ यांत तशीही काही मिनिटे जातातच, ती या कामी लागतील. पोर्शन दोन-चार दिवस मागे पडला तर पडू द्यावा. शिकवून झालेले पण मुलांच्या डोक्यातून गेलेले प्रकरण दैनंदिनीत पूर्ण दिसते, आणि जानेवारीत तेच पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, हा हिशेबही पोर्शनच्या हिशेबात धरला पाहिजे.

खान्देशातल्या मुलांच्या घरची परिस्थिती लक्षात घेतली तर या पद्धतीची गरज आणखी पटते. नोव्हेंबर-डिसेंबरात कपाशीची वेचणी जोरात असते आणि कित्येक मुली रविवारीच नव्हे, तर शाळेच्या दिवशीही सकाळचे दोन तास शेतात घालवून वर्गात येतात. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला शेतीपंपाची वीज रात्री मिळाली की घरातला मोठा मुलगा बापासोबत रात्री बारे धरायला जातो. धडगाव, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि मुले मागे आजी-आजोबांजवळ किंवा आश्रमशाळेत राहतात. अशा मुलाला ‘रोज सहा तास अभ्यास कर’ असे सांगणे निरर्थक आहे. त्याच्याजवळ वीस-वीस मिनिटांचे तुकडे असतात : एसटीची वाट पाहताना, वेचणीच्या जेवणाच्या सुट्टीत, जनावरांना चारा घातल्यावर. या तुकड्यांत दहा पानांचा धडा वाचून होत नाही, पण एका चिठ्ठीवर लिहिलेले पाच प्रश्न मनातल्या मनात सोडवून होतात. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर, एवढेच साहित्य लागते. वहीची जुनी पाने कापून मुले स्वतःच अशा चिठ्ठ्या करतात आणि प्रश्न तयार करतानाच अर्धा अभ्यास होतो. कापूस वेचताना दोन मैत्रिणींनी एकमेकींना आवर्तसारणीतल्या गणांचे आणि आवर्तांचे प्रश्न विचारावेत, यासाठी तर चिठ्ठीही लागत नाही.

पालकांना मला विशेष करून सांगायचे आहे. आपण स्वतः शिकलेले नाही, म्हणून मुलाच्या अभ्यासात आपला काही उपयोग नाही, असे समजून अनेक आया-बाप बाजूला राहतात, आणि मग ‘वाचत बस’ एवढेच सांगतात. आईला विज्ञान येण्याची गरज नाही. तिने संध्याकाळी भाकरी थापता थापता ‘आज काय शिकलीस ते मला सांग’ असे म्हणावे, आणि मुलगी अडली तर ‘पुस्तकात पाहून ये आणि मग सांग’ एवढेच म्हणावे. न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगताना जे कच्चे आहे ते चटकन उघडे पडते. ज्यांना वाचता येते त्या मोठ्या भावंडांनी पुस्तक आपल्या हातात धरावे आणि प्रश्न विचारावेत. गुणांवरून शेजारच्या मुलाशी तुलना मात्र करू नये. ज्याला चूक झाल्यावर बोलणी बसतात ते मूल कोऱ्या कागदासमोर बसायला घाबरते आणि पुन्हा सुरक्षित अशा वाचनाकडे वळते. शिवाय रात्री जागून अभ्यास करणे हे कौतुकाचे मानू नये, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसलेला मुलगा जेवढे मिळवतो त्याहून अधिक गमावतो.

मोबाइलवरच्या शैक्षणिक व्हिडिओंचा उल्लेख टाळता येत नाही. दुर्गम पाड्यावरच्या मुलाला उत्तम शिक्षकाचे स्पष्टीकरण ऐकायला मिळते ही मोठी सोय आहे. मात्र व्हिडिओ पाहणे हेही वाचण्यासारखेच आहे, समजल्यासारखे वाटते आणि हात मोकळाच राहतो. पाहून झाल्यावर मोबाइल दूर ठेवून पाच ओळी लिहिल्या तरच तो अभ्यास धरावा. ‘परीक्षेत येणारेच प्रश्न’ म्हणून जानेवारीत विकल्या जाणाऱ्या संचांबद्दल एवढेच सांगतो की त्यातला प्रश्नांचा भाग उपयोगी आहे आणि उत्तरांचा भाग प्रथम झाकून ठेवावा. मंडळाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका या कामी त्याहून चांगल्या, आणि त्या शाळेत असतातच.

गावोगावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा मंदिराच्या ओसरीत दहावीच्या मुलांसाठी रात्रीच्या अभ्यासिका चालतात. गावातली सुशिक्षित तरुण मुले त्यासाठी वेळ देतात आणि वीज, सतरंज्या, पिण्याचे पाणी यांची सोय लोकवर्गणीतून होते. या अभ्यासिकांत आज शांतता राखण्यावर भर असतो : सगळ्यांनी खाली मान घालून वाचायचे आणि देखरेख करणाऱ्याने फेऱ्या मारायच्या. तिथे अर्धा तास बोलण्याचा ठेवावा असे मी सुचवतो. मुलांनी दोघा-दोघांच्या जोड्या करून एकमेकांना प्रश्न विचारावेत, नंतर वीस मिनिटे कोऱ्या कागदावर लिहावे आणि शेवटी पुस्तक उघडून तपासावे. देखरेख करणाऱ्या तरुणाला दहावीचे विषय आठवत नसले तरी चालते. त्याने फक्त वेळ लावायची आणि पुस्तके मिटलेली आहेत हे पाहायचे. जिथे अशी अभ्यासिका नाही तिथे माजी विद्यार्थ्यांनी ती या आठवड्यातच सुरू करावी, कारण जानेवारीत सुरू झालेल्या अभ्यासिकेला अंतर ठेवून उजळणी करायला दिवस मिळत नाहीत.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. परीक्षेच्या तोंडावर आपण दरवर्षी मार्गदर्शनपर मजकूर छापता आणि खेड्यांतली मुले तो कापून जपून ठेवतात, हे मी पाहिले आहे. या वर्षी तो मजकूर फेब्रुवारीऐवजी डिसेंबरपासून, आठवड्यातून एकदा, केवळ प्रश्नांच्या रूपात छापावा : एकेका विषयाचे दहा प्रश्न, तेही निरनिराळ्या प्रकरणांतून मिसळून घेतलेले. उत्तरे त्याच अंकात न देता पुढच्या आठवड्याच्या अंकात द्यावीत, म्हणजे मधले सात दिवस मुलांना स्वतः आठवून पाहावे लागेल. दर चौथ्या आठवड्याला आधीच्या तीन आठवड्यांतले काही प्रश्न बदलून पुन्हा यावेत. जागा फार लागणार नाही. विज्ञान, गणित, भूगोल आणि इतिहास या विषयांचे असे प्रश्न व त्यांची तपासलेली उत्तरे विनामोबदला लिहून देण्यास आमच्या तालुक्यातले आम्ही काही विषयशिक्षक तयार आहोत. आपण होकार कळवल्यास पहिले दोन संच आठ दिवसांत आपल्या कार्यालयात पोहोचते करू.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव